जर्मन शिका, पण मराठीतून



फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनानं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. नर्सिंग झालेली, आयटीआय झालेली नागपूरची पोरं आता विचारतात, जर्मन शिकावं का? अवश्य शिकावं. पण कसं, यावर आज थोडं बोलतो.

आपल्याकडे परकी भाषा इंग्रजीतून शिकायची रीत पडली आहे. पुस्तक इंग्रजी, समजावणं इंग्रजी. आधी इंग्रजीशी झटापट, मग जर्मनशी! मराठी माणसानं हा वळसा कशाला घालावा? एक उदाहरण घ्या. आपण म्हणतो, ‘मला थंडी वाजते’. इंग्रजीवरून जुळणी करणारा विद्यार्थी जर्मनमध्ये ‘मी थंड आहे’ असं काहीतरी बोलून बसतो. जर्मन माणूस म्हणतो, ‘मीर इस्ट काल्ट’. यातला ‘मीर’ म्हणजे आपला ‘मला’. ‘मला आवडतं’ याचंही तसंच: ‘एस गेफेल्ट मीर’. इंग्रजीतून आलेल्याला हे नियम पाठ करावे लागतात, आपल्या तोंडात ते आधीच बसलेले आहेत.

लिंगाचंही तेच. जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत म्हणून लोक घाबरतात. अहो, तो पंखा, ती खुर्ची, ते टेबल, हे आपण कधी पाठ केलं होतं? जर्मनमध्ये ‘मुलगी’ नपुंसकलिंगी आहे हे ऐकून वर्गात हशा पिकतो. आपलं ‘ते पोरगं’ तरी कुठं वेगळं आहे? मात्र आपलं लिंग तिकडे चालत नाही, त्यामुळे प्रत्येक नाम डेर, डी, डास या लिंग दाखवणाऱ्या शब्दांपैकी आपल्या जोडीदारासकटच वहीत उतरवायचं. सुटं नाम लिहायचंच नाही. विभक्तीत मराठी थोडी फसवते, हेही सांगून ठेवतो. आपला ‘ला’ द्वितीयेलाही चालतो आणि चतुर्थीलाही, जर्मन त्या दोन्ही वेगळ्या दाखवते. तिथं घोकंपट्टीला पर्याय नाही.

उच्चारांत तर आपण श्रीमंत आहोत. ‘चाक’मधला च आणि ‘चहा’मधला च वेगळे, हे आपल्या कानाला कळतं. जर्मनमध्ये दहाला ‘त्सेन’ म्हणतात, त्याची सुरुवात या ‘चाक’च्या च नं होते. आपल्याकडे नसलेला एक स्वर आहे, तो असा काढा: ओठ ‘उ’ म्हणताना करतो तसे गोल ठेवा आणि आतून ‘ई’ म्हणा. आरशासमोर करा, घरचे हसले तर हसू द्या.

मराठीचा हा फायदा जर्मनपुरताच नाही. जपानीचा कर्ता, कर्म, क्रियापद हा क्रम तर थेट मराठीचा, आणि प्रत्ययासारखे शब्दही नामाच्या मागूनच येतात. पवनारच्या विनोबांनी जपानीचा अभ्यास केला होता, आणि अशा भाषा नागरीत लिहून शिकाव्यात असा त्यांचा आग्रह होता. सुरुवातीचे काही आठवडे तरी तो मानण्यासारखा आहे.

दुसरं, आपल्या कामाची वाक्यं आधी शिका. १९३८ साली जखमी सैनिकांवर उपचार करायला चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांत नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. कोटणीस तिथंच राहिले, चिनी शिकले आणि तिथल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना चिनीतून शिकवू लागले. जखमी सैनिक समोर असताना ‘हे माझं पेन आहे’ या वाक्याचा काय उपयोग? म्हणून नर्सिंगच्या मुलींनी पहिल्याच आठवड्यात ‘वो टूट एस वे?’, म्हणजे ‘कुठं दुखतंय?’, हे शिकावं. पाठोपाठ डोकं, पोट, पाठ, गुडघा.

तिसरी गोष्ट बेधडकपणाची, आणि ती नागपूरकरांना शिकवायची गरज नाही. इतवारीतल्या दुकानात आपण जी हिंदी झोडतो, तिच्यात अर्धी मराठी असते, तरी सौदा होतो. इंदोऱ्याचे भदंत सुरेई ससाई मूळचे जपानचे. जपानी वळणाच्या हिंदीत ते भल्या मोठ्या सभांपुढे बोलत आले, आणि लोकांनी ते मन लावून ऐकलं. वाक्य मनात पूर्ण शुद्ध झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, असं ठरवणारा माणूस दोन वर्षांनीही गप्पच बसलेला दिसतो.

आणि रोज ऐका. डॉइचे वेले ही जर्मन प्रसारण संस्था शिकणाऱ्यांसाठी सावकाश वाचलेल्या बातम्या देते, मोबाईलवर फुकट मिळतात. एक वाक्य ऐकायचं, थांबवायचं, तसंच्या तसं मोठ्यानं म्हणायचं, आपला आवाज मुद्रित करून मूळ आवाजाशी ताडून पाहायचा. रोज अर्धा तास पुरे. रविवारी एकदम चार तास बसून काही होत नाही.

नर्सच्या कामासाठी जर्मनीत साधारण बी-टू पातळी मागतात. ए-वनपासून मोजलं तर ही चौथी पायरी. ती तीन महिन्यांत गाठून देतो म्हणणाऱ्या क्लासला पैसे भरण्याआधी दहा वेळा विचार करा.