गाण्याखाली नाव कोणाचे?
(तरुणांच्या सभेत केलेले भाषण)



आपली मुले हल्ली ज्यास रॅप अथवा हिप हॉप म्हणतात, ते ऐकून वडीलधारी मंडळी कपाळाला आठ्या घालतात. मी त्या गाण्याची तरफदारी करण्यास उभा नाही. त्यात पैशाची आणि दागिन्यांची फुशारकी पुष्कळ आहे, आणि स्त्रियांविषयीची भाषा तर कित्येकदा ऐकवत नाही. परंतु ते कोणाच्या घरी जन्मले आणि त्याचे मोल कोणाच्या पदरी पडले, हे आपण जाणून घेतले पाहिजे.

न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागात त्या काळी घरे आगीत जळत होती, कामधंदे उठून गेले होते. ११ ऑगस्ट १९७३ रोजी तेथील सेजविक रस्त्यावरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने, शाळेसाठी नवे कपडे घेता यावेत म्हणून, गाण्यानाचाचा मेळावा भरविला. मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट. तबकड्या वाजविण्यास तिचा भाऊ क्लाइव्ह होता. पुढे जग त्यास कूल हर्क म्हणू लागले. गाणे थांबून केवळ ढोल वाजतो, त्या तुकड्यावर लोक बेभान नाचतात, हे त्याने हेरले. एकच गाणे दोन यंत्रांवर लावून तो तुकडा तो लांबवीत नेई. त्या ठेक्यावर लयीत बोलणे म्हणजेच रॅप. वाद्य विकत घेण्याची ऐपत नसलेल्यांनी तबकडीचेच वाद्य केले!

आता तो ठेका धरणाऱ्या हातांचे पाहा. जेम्स ब्राउन यांच्या १९७० साली निघालेल्या ‘फंकी ड्रमर’ या गाण्यात क्लाइड स्टबलफिल्ड या वादकाने जो ठेका वाजविला, तो पुढे हजाराहून अधिक गाण्यांत उचलला गेला. गाण्याचे हक्क त्याच्या नावे नव्हते. म्हणून या उचलीबद्दल कायद्याने त्यास काही देणे लागत नव्हते. २०१७ साली तो वारला.

हे अमेरिकेतच घडते असे समजू नका. चेन्नई येथे दिग्दर्शक पा. रणजित यांच्या पुढाकाराने ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’ हा गायकवृंद उभा राहिला आणि जानेवारी २०१८ मध्ये त्याचा पहिला कार्यक्रम झाला. ‘जातिविहीन’ हे त्याचे नाव अयोतीदास पंडितांच्या शब्दावरून घेतलेले आहे. होय, १८९८ साली मद्रासेत शाक्य बौद्ध संघ स्थापणारे तेच. त्या वृंदातील अरिवू या तरुणाने ‘एन्जॉय एन्जामी’ हे गाणे लिहिले आणि धी हिच्यासह गायिले. सिलोनच्या चहामळ्यांत राबलेल्या आपल्या आजीची कथा त्याने त्यात ओतली. मार्च २०२१ मध्ये ते निघाले आणि कोट्यवधी लोकांनी ऐकले. ऑगस्टमध्ये ‘रोलिंग स्टोन इंडिया’च्या मुखपृष्ठावर मात्र धी होती, अरिवू नव्हता. रणजित यांनी जाहीर निषेध केला, तेव्हा कोठे त्याचेही मुखपृष्ठ निघाले. पुढे गाण्याच्या श्रेयावरून अरिवू आणि संगीतकार संतोष नारायणन यांच्यात वाद झाला. त्याचा निवाडा मी करणार नाही. पण २०२४ साली त्याच संगीतकाराने सांगितले की, या गाण्याचा पैसा आम्हां कोणासच मिळालेला नाही.

आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. ध्वनिमुद्रित गाण्याच्या उत्पन्नात गीतकारास व संगीतकारास समान वाटा मिळण्याचा हक्क आहे. वारस किंवा हक्कशुल्क गोळा करणारी नोंदणीकृत संस्था यांवाचून तो कोणासही देऊन टाकता येत नाही. तशी सही घेतली तरी ती निरर्थक होय. हे किती पोरांस ठाऊक आहे?

तुमच्या घरी जुन्या जलशांच्या गाण्यांची वही असेल. प्रत्येक गाण्याखाली रचणाऱ्याचे नाव आहे काय? म्हाताऱ्या माणसांना विचारून ते आजच लिहून घ्या. आणि ज्या मुलापुढे कोणी कराराचा कागद ठेवील, त्याने सही करण्यापूर्वी तो येथे आणावा. रविवारी सायंकाळी मी असतो. आपण ओळ न् ओळ वाचू.