दंडाचे दहा रुपये

आमच्या हिवरे बाजारात पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात. मी मात्र शेजारगावच्या बचत गटाची बैठक कॅलेंडर न बघता गुड फ्रायडेला ठेवली. न आलेल्या ताईला दहा रुपये दंड लावला. तिने मुकाट्याने भरला.

नंतर तिनेच सांगितलं. राखेच्या बुधवारपासून चाळीस दिवसांचा उपवासकाळ. कपाळावरची राख आदल्या वर्षीच्या झावळ्यांची. ईस्टर चंद्रावर ठरतो, म्हणून तारीख हलते, आपल्या पाडव्यासारखीच. सप्टेंबरात हरेगावची मतमाउली यात्रा, मग आगमनकाळ, नाताळ.

दंड मी परत केला. आता तारखा तिला विचारून ठरवतो. यंदा हरेगावला तिच्यासोबत आम्ही चौघीही निघालोय, हप्ता आधी भरून!