सुट्टी गुरुवारची, उपासना रविवारची



पिंपरी, चिंचवड, भोसरी या भागात पुष्कळ कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते. रविवारी चर्चची घंटा वाजते, तेव्हा आपल्या मंडळीतले कितीतरी भाऊ डबा घेऊन कामावर निघालेले असतात. मनाला चुटपुट लागते. चाकणकडे जाणाऱ्यांचेही तेच. एक आठवडा दिवसपाळी, दुसरा रात्रपाळी. घरी आले की कधी एकदा पाठ टेकतो असे होते. ते आम्हाला विचारतात, "गुरुजी, शास्त्र वाचायला वेळ कुठाय?"

प्रश्न खरा आहे. दमलेल्या माणसाला दोष देऊन काय उपयोग? आम्हीही शाळेत असताना हेच म्हणत होतो. वह्या, हजेरीपट, परीक्षा! शास्त्र पेन्शनीत निवांत वाचू, असे आम्ही ठरवले. पेन्शन आली, तोवर नजर अधू झाली. आता नात वाचते आणि आम्ही ऐकतो.

निवांत वेळेची वाट न पाहणारी एक बाई आपल्याच पुणे जिल्ह्यात होऊन गेली. केडगावच्या पंडिता रमाबाई. दुष्काळात निराधार झालेल्या शेकडो बायामुलींना त्यांनी आसरा दिला. सगळ्यांचे खाणेपिणे, दुखणी, शिक्षण, सारा भार त्यांच्यावर. त्यांना ऐकूही कमी येई. पण त्यांनी पाहिले की, मराठी बायबलाची भाषा साध्या बायकांना जड जाते. म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. कामाच्या गर्दीतच त्यांनी सोप्या मराठीत भाषांतर केले. त्याला कित्येक वर्षे लागली. आश्रमाच्या छापखान्यात खिळे जुळवायलाही बायकाच होत्या. रमाबाई १९२२ साली वारल्या. पुढे १९२४ साली तो संपूर्ण ग्रंथ छापून निघाला. हे सारे कोणासाठी? तुमच्यासारख्या नव्याने वाचायला शिकणाऱ्यांसाठी.

पौल प्रेषितही तंबू करण्याचा धंदा करी आणि शुभवर्तमान सांगे. हाताचे काम आणि देवाचे काम यांत वैर नाही.

मग आपण काय करावे? रोज दहाच ओळी वाचाव्यात. कंपनीच्या बसमध्ये वाचा, नाहीतर जेवणाच्या सुट्टीत वाचा. अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने खूण करा. गुरुवारी चार घरांनी एकत्र बसावे. ज्याला येते त्याने वाचावे, बाकीच्यांनी विचारावे. रविवारी संध्याकाळी उपासना ठेवता येईल का, हे पाळकसाहेबांना विचारावे. रात्रपाळी झाली असेल तर आधी झोप घ्या. यंत्रापुढे मात्र पुस्तक नको. तिथे लक्ष कामावरच हवे. आपल्या हातून कोणाला इजा होऊ न देणे, हीही देवाची सेवाच आहे.

आणखी एक गोष्ट. घरच्या बाईलाही पाळी असते, आणि तिला तर गुरुवारचीही सुट्टी नाही. त्या दिवशी पाणी तुम्ही भरा, भांडी तुम्ही घासा. मग दहा ओळी तिच्याही वाट्याला येतील.

थेंबे थेंबे तळे साचे. पण पहिला थेंब आजच पडला पाहिजे.