नाडीचा ताल आणि गोठवण्याचा उपचार

(गणेशोत्सवातील भाषणाचा मजकूर)



हृदयरोग म्हटला की आपल्याला झटका आणि अँजिओप्लास्टीच आठवते. मी आज बोलणार आहे ते एट्रियल फिब्रिलेशनबद्दल. जबलपुरात राहून आपल्या मराठी घरांतही ‘घबराहट होते’ एवढेच म्हणतात आणि गॅसची गोळी घेतात.

आरतीला शंभर माणसे एका ठेक्यात टाळ्या वाजवतात. प्रत्येकाने आपापला ठेका धरला तर? हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांत तसेच होते. मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे विस्कळीत लहरी उठतात आणि कप्पे नुसते थरथरतात. खाली जाताना त्यांतल्या बऱ्याच अडवल्या जातात, म्हणून नाडी तेवढी पळत नाही. पण ती पूर्ण अनियमित चालते. खरा धोका धडधडीचा नव्हे, साचलेल्या रक्ताचा. डाव्या कप्प्याच्या कोपऱ्यात गुठळी होते, ती मेंदूत जाते आणि पक्षाघात होतो. हा धोका अशा रुग्णांत सुमारे पाचपट असतो.

1998 साली फ्रान्समधील बोर्डोच्या डॉक्टरांनी दाखवले की, ठिणगी बहुधा फुप्फुसांकडून डाव्या कप्प्यात येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी पडते. तिथे कुंपण घातले की ती आत येत नाही. हे कुंपण उष्णतेने घालायचे तर रांगोळीसारखा ठिपक्याला ठिपका जोडावा लागतो. गोठवण्याच्या पद्धतीत जांघेतल्या शिरेतून कॅथेटर वर नेतात, मधला पडदा सुईने ओलांडतात, 28 मिलिमीटरचा फुगा शिरेच्या तोंडावर टेकवतात आणि त्यात नायट्रस ऑक्साइड सोडतात. भूल देताना वापरतात तोच वायू. फुगा उणे 40-50 अंशांपर्यंत थंड होतो आणि साधारण तीन मिनिटांत सगळे वर्तुळ एकदम गोठते. उजवीकडच्या शिरांजवळून श्वासपटलाची नस जाते. म्हणून तिला विजेचे हलके ठोके देत राहतात आणि एक जण रुग्णाच्या बरगडीखाली हात ठेवून उभा असतो. उचकीसारखा धक्का मंदावला की गोठवणे तत्काळ बंद! एवढी महागडी यंत्रे, पण राखण हाताचीच. मला याचे फार कौतुक वाटते.

सात दिवसांहून अधिक टिकलेल्या आजाराला चिकट प्रकार म्हणू. अमेरिकेत हा फुगा 2010 साली अधूनमधून येणाऱ्या प्रकारासाठी मान्य झाला, चिकट प्रकारासाठी 2020 साली. त्यासाठीच्या अभ्यासात वर्षाअखेर सुमारे 55 टक्के रुग्णांचा ताल टिकला. म्हणजे शंभरात पंचेचाळीस जणांचा नाही. आजार वर्षानुवर्षे मुरला आणि कप्पा फुगला की यश आणखी कमी. 2023 च्या अखेरीस तिकडे विजेच्या अतिसूक्ष्म स्पंदांची नवी पद्धतही मान्य झाली आहे.

आता सर्वांत महत्त्वाचे. ‘गोठवून आलो, आता रक्त पातळ करणारी गोळी कशाला?’ असे म्हणून परस्पर गोळी सोडणारे पुष्कळ आहेत. उपचारानंतर निदान दोन-तीन महिने ती सर्वांनाच घ्यावी लागते. पुढे ती चालू ठेवायची की नाही, हे वय, रक्तदाब, मधुमेह आणि आधी झालेला पक्षाघात यांवर ठरते. ताल सुधारला एवढ्यावर नाही.

लहानपणच्या संधिवाताच्या तापाने झडप आखडलेले रुग्ण आपल्या देशात अजून बरेच आहेत. त्यांच्या बाबतीत आधी झडपेचा विचार करावा लागतो, फुग्याचा नंतर. त्यांना जुनी वॉरफेरिनच्या जातीची गोळीच बरी. 2022 च्या इन्व्हिक्टस अभ्यासात नव्या रिव्हरॉक्साबानपेक्षा जुन्या गोळीच्या गटात मृत्यू कमी झाले. मात्र तिच्यासाठी आयएनआरची रक्ततपासणी नियमित करावी लागते, आणि तिचाच लोकांना कंटाळा!

घरी एवढे करा. अंगठ्याखाली मनगटावर तीन बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी पाहा. ती वेडीवाकडी लागली तर धडधड चालू असतानाच जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढून घ्या आणि ती पट्टी जपून ठेवा. उद्या नागपूरला मोठ्या डॉक्टरांकडे जायची वेळ आली, तर ते पहिल्यांदा तीच मागतील.

कुणाला काही विचारायचे असल्यास प्रसाद वाटप होईपर्यंत मी इथेच आहे.