न आलेल्या बाईचं मत



धर्माबाद हा महाराष्ट्र-तेलंगणा सीमेवरचा तालुका. 2018 मध्ये इथल्या अनेक गावांनी तेलंगणात जाण्याची मागणी केली, तेव्हा ‘मग मतदानच घ्या ना’ असं कोणाच्याही मनात यावं. पण घटनेत तशी सोय नाही. अनुच्छेद 3 नुसार राज्यांच्या सीमा संसद ठरवते. विधानसभेचं मत मागवलं जातं, गावकऱ्याचं नाही. लोकांना थेट विचारल्याचं आपल्या जवळचं मोठं उदाहरण गोव्याचं. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं, यावर 16 जानेवारी 1967 रोजी तिथे जनमत कौल झाला. विलीनीकरणाला फूल, केंद्रशासित राहण्याला दोन पानं. दोन पानांना 1,72,191 मतं पडली, फुलाला 1,38,170. गोव्याबाहेर राहणाऱ्या गोमंतकीयांनाही मत द्या, ही मागणी मान्य झाली नव्हती. सार्वमतात निकालाइतकाच महत्त्वाचा प्रश्न असतो तो हा: जो माणूस मतपेटीपर्यंत पोचला नाही, त्याला हिशोबात कुठे धरायचं?

हा प्रश्न तुमच्या गावातही येऊ शकतो, कारण आपल्याकडे एक सार्वमत अगदी वेशीवर होतं: दारूचं दुकान चालू ठेवायला उभी बाटली, बंद करायला आडवी बाटली. राज्याच्या 2008 च्या आदेशाप्रमाणे पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली की गुप्त मतदान घ्यायचं. दुकान बंद व्हायला मतदारयादीतल्या निम्म्याहून अधिक महिलांचा शिक्का आडव्या बाटलीवर हवा. झालेल्या मतदानाच्या निम्म्याहून अधिक नव्हे, यादीच्या. समजा, यादीत सहाशे बायका आहेत. तीनशे जणींनी आडवी केली, चाळीस जणींनी उभी, दोनशे साठ आल्याच नाहीत. दुकान चालूच राहतं. त्या दोनशे साठांत कोण असतं? कोयता घेऊन टोळीबरोबर उसाच्या फडात गेलेली, हैदराबादला बांधकामावर गेलेली, लग्न होऊन सासरी गेली तरी माहेरच्या यादीत राहिलेली, आणि वारलेलीसुद्धा. या सगळ्या जणी कागदावर उभ्या बाटलीच्या बाजूने मोजल्या जातात. हाच नियम गोव्याला लावून बघा. मतदार होते 3,88,432. दोन पानांना त्यांतल्या निम्म्यांचाही पाठिंबा नव्हता. तरी तो कौल आपण मानला, आणि योग्यच केलं, कारण तिथे आलेल्यांची मतं मोजली, न आलेल्यांच्या तोंडी कोणतंही उत्तर घातलं नाही.

या मोजणीला आंतरराष्ट्रीय कायद्याची कसोटीही लावून बघा. नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने 1979 मध्ये स्वीकारला. त्याचं कलम 25 सार्वजनिक कारभारात भाग घेण्याचा हक्क देतं, आणि सार्वमत हाही त्या सहभागाचाच मार्ग आहे, असं संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने 1996 मध्ये स्पष्ट केलं. सार्वमत घ्याच, असं हा करार सांगत नाही. पण एकदा विचारलं की मताच्या हक्कावरची बंधनं वस्तुनिष्ठ आणि वाजवी हवीत. न्यू कॅलेडोनिया या फ्रेंच प्रदेशाच्या भवितव्यावरच्या सार्वमतात तिथे दीर्घकाळ राहिलेल्यांनाच मत देण्याची अट याच समितीने 2002 मध्ये ग्राह्य धरली, कारण त्या भूमीचं भवितव्य तिथे मुळं रुजलेल्यांनी ठरवावं यात तर्क होता. गोव्याबाहेरच्यांना वगळण्याचंही समर्थन कोणी याच तर्काने करू शकेल. गैरहजर बाईला दुकानाच्या बाजूने मोजण्याला मात्र असा कोणताही तर्क नाही.

यावर आक्षेप येईल की दुकान बंद करणं म्हणजे परवानाधारकाची रोजीरोटी थांबवणं. मूठभर मतांवर ते होऊ नये. आक्षेप रास्त आहे. त्यासाठी किमान मतदानाची अट घाला, पडलेल्या मतांत बहुमत मोठं मागा. ज्यांना येणं शक्य होतं त्यांच्या उदासीनतेची किंमत गावाने मोजावी, हेही एक वेळ मान्य. पण मेलेल्या आणि पोटासाठी बाहेर गेलेल्या बाईचं मौन ही उदासीनता नव्हे. दुसरा आक्षेप असा की यादी नीट ठेवणं सरकारचं काम. खरंच आहे, पण गावातली कोणती बाई कुठे गेली हे तहसीलपेक्षा तुम्हाला आधी कळतं.

म्हणून पदवी घेऊन गावी जाल तेव्हा एक करा. मतदानाची तारीख लागण्याआधी यादी मागून घ्या, एकेक नाव मोठ्याने वाचा, आणि मजूर गावात असतील त्या महिन्यांतच मतदान मागा. हक्काची राखण मोजणीच्या दिवशी होत नाही, यादीवर बसून होते.