दिवाळीआधीची सभा

(शाळा व्यवस्थापन समित्यांचे पालक सदस्य आणि आपले स्वयंसेवक यांच्यासाठी मालवण येथे झालेल्या एक दिवसाच्या शिबिरातील भाषण.)



आचरा, मसुरे, कट्टा, चौके अशा चारी बाजूंनी तुम्ही आलात. लावणी आटोपली, गणपती अजून यायचे आहेत, म्हणून हा दिवस आपल्याला मिळाला. तरीही बंदराकडचे काही पालक आज दिसत नाहीत. १ जूनपासूनची मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपली आणि होड्या पाण्यात गेल्या. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. आपण दिवस ठरवला तो आपल्या सोयीने, समुद्राच्या नव्हे. शाळेच्या सभेचेही नेमके असेच होते आणि आज मला त्याबद्दलच बोलायचे आहे.

कायदा थोडक्यात सांगतो, कारण तो तुमच्या बाजूचा आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या एकविसाव्या कलमात शाळा व्यवस्थापन समिती आहे. समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात आणि दुर्बल, वंचित घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणे, शाळा विकास आराखडा तयार करणे, अनुदानाचा खर्च तपासणे ही या समितीची कामे. अनुदानित खाजगी शाळेत ती फक्त सल्ला देते, पण आपल्या वाड्यांवरच्या जिल्हा परिषद शाळांत तिचा शब्द कायद्याने मोजला जातो.

आता आपल्या जिल्ह्याचे चित्र बघा. कातकरी कुटुंबे इथे थोडी आणि विखुरलेली. काही गावांत त्यांना वानरमारे म्हणतात. कुठे चार झोपड्या, कुठे दहा. शाळेचा पट अठरा असेल तर त्यात कातकऱ्यांची मुले दोन नाहीतर तीन. ती तीन मुले दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या कामाला गेली की शाळेचा पट पंधरावर येतो आणि मुलांचे वर्ष जाते. कमी पटाच्या शाळांचे पुढे काय होणार ही धास्ती आपल्या प्रत्येक वाडीत आहे. म्हणजे ही तीन मुले टिकणे हा सगळ्या गावाच्या मतलबाचा प्रश्न आहे. मी तो दयेचा प्रश्न म्हणून मांडत नाही.

आणि सभा केव्हा होते? मुले गेल्यानंतर. नोव्हेंबरच्या सभेत हजेरीपट उघडतात, 'सतत गैरहजर' असा शेरा वाचतात, सगळे मान हलवतात आणि पुढचा विषय स्नेहसंमेलनाचा. माझे म्हणणे एवढेच की वर्षातली सर्वांत महत्त्वाची सभा दिवाळीची सुट्टी लागण्याआधी झाली पाहिजे, आणि तिला त्या तीन मुलांच्या आया हजर असल्या पाहिजेत. बाकीच्या सभा थोड्या मागेपुढे झाल्या तरी चालेल.

त्या आया येणार कशा? सूचनेचा कागद मुलाच्या दप्तरातून पाठवून त्या येत नाहीत. ज्या घरात वाचणारा माणूस दुसरीतला मुलगाच आहे, तिथे तो कागद चुलीला लागतो. दोन दिवस आधी कोणीतरी पायाने वाडीवर जायला हवे. वेळही त्यांना विचारूनच ठरवा. दुपारी तीनची सभा मास्तरांना सोयीची, पण मजुरीवर गेलेल्या बाईची त्यात अर्धी हजेरी बुडते. सभेला येण्यासाठी मजुरी सोडावी लागणारी समितीत तीच एकटी, आणि कमी येते म्हणून नावेही तिलाच ठेवतात. संध्याकाळी साडेपाचला बसा, किंवा आठवडा बाजाराच्या दिवशी, जेव्हा ती तशीही कामावर जात नाही. एकदा तरी सभा त्यांच्याच वाडीवर, झाडाखाली घेऊन बघा. मुख्याध्यापक खुर्ची मागणार नाहीत, मी बघितले आहे. गुरुजी चटईवर बसले की बोलण्याचा सूरच बदलतो.

विषय तीनच ठेवा. अकरा विषयांची विषयपत्रिका कागदावर छान दिसते, पण चौथ्या विषयाला माणसे घड्याळ बघू लागतात. आणि पहिला विषय नेहमी हा: मागच्या वेळी काय ठरले आणि त्याचे काय झाले.

बोलते कोण, याकडे जरा लक्ष द्या. अध्यक्ष बोलतात, गुरुजी बोलतात, एखादे माजी सदस्य फार बोलतात. (असे एक गृहस्थ प्रत्येक गावाला दिलेले असतात, त्याला इलाज नाही.) मग शेवटी मागे बसलेल्या बाईला विचारतात, 'तुमची काही अडचण?' ती म्हणते, 'आमका काय कळता, गुरुजी सांगतीत ता बरोबर.' झाली सभा. हा प्रश्नच चुकीचा आहे. अडचण आहे का, असे चारचौघांत विचारले तर मानी माणूस नाही म्हणणार. त्यापेक्षा साधे विचारा: पोरगी सकाळी किती वाजता निघते? कोणाबरोबर येते? वाटेत व्हाळ लागतो का?

एका सभेत हाच प्रश्न विचारला तेव्हा कळले की जुलैत चार कातकरी मुले बारा-बारा दिवस शाळेत का नव्हती. व्हाळाला पाणी आले की त्यावरचा पोफळीचा साकव वाहून जाई आणि लहान मुलांना एकटे सोडायला आई धजत नसे. हजेरीपटात कारण लिहिले होते 'पालकांची उदासीनता'. समितीने ठराव केला, ग्रामपंचायतीकडे अर्ज दिला. पक्का साकव व्हायला वेळ लागला, पण तोवर पावसाच्या दिवसांत दोन मोठ्या माणसांनी आळीपाळीने मुलांना पलीकडे आणायचे असे ठरले. त्यातला एक पागी होता, त्याला पाण्याची भीती ती काय! आणि तो शेरा पुढच्या महिन्यापासून बंद झाला.

आता थोडा नाजूक विषय. जेवणाचा. शाळेतल्या पोषण आहाराच्या वेळी आपल्या मुलाला शेवटी वाढतात, खालचे करपलेले वाढतात, अशी तक्रार एखादी आई हळूच स्वयंसेवकाच्या कानावर घालते. ती भर सभेत मांडायची घाई करू नका. स्वयंपाक करणारी बाईही गावातलीच, गरीबच, तुटपुंज्या मानधनावर राबणारी. आधी अध्यक्षांना घेऊन दोन दिवस जेवणाच्या वेळी शाळेत जाऊन बसा, डोळ्यांनी बघा. मग सभेत आणा.

आपल्यापैकी जे पवित्र शास्त्र वाचतात त्यांना प्रेषितांच्या कृत्यांमधला सहावा अध्याय आठवेल. पहिल्या मंडळीतले पहिले मोठे भांडण हे रोजच्या वाढणीवरूनच झाले. ग्रीक भाषा बोलणाऱ्यांच्या विधवांना वाढताना वगळले जाते, अशी कुरकुर होती. प्रेषितांनी काय केले? कुरकुर दाबली नाही, चौकशी समितीही नेमली नाही. सगळ्यांना एकत्र बोलावले आणि सात माणसे निवडायला सांगितली. त्या सातांची नावे वाचा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सगळी ग्रीक. ज्यांची तक्रार होती, वाढण्याचे काम त्यांच्याच लोकांकडे गेले. आपल्या समितीतही हे करता येते. आहाराची चव बघायला आणि वाढताना उभे राहायला पालकांची पाळी लावतात ना? त्या पाळीत कातकरी आईचे नाव घाला, आणि पहिल्याच आठवड्यात घाला. कोणावर ठपका न ठेवता बरेच काही सरळ होते.

इतिवृत्ताबद्दल मी जरा कडक आहे. एका शाळेत, नाव घेत नाही, प्रोसिडिंगचे बुक शिपायाबरोबर घरोघर फिरत असे आणि न झालेल्या सभेवर सह्या होत. कातकरी सदस्याचा अंगठा सगळ्यांत आधी, कारण तो काही विचारत नाही. असे बुक तुमच्या दारात आले तर नम्रपणे सांगा, 'सभेत वाचून दाखवा, मग सही करतंय.' इतिवृत्त सभेतच लिहावे, उठण्याआधी मोठ्याने वाचावे, आणि पुस्तकी मराठीत लिहिले असेल तर मालवणीत सांगावे. लक्षात घ्या, कातकरी मूल घरी एक बोली बोलते, वाटेत मालवणी ऐकते आणि पुस्तकात तिसरेच वाचते. त्याच्या आईचेही तसेच आहे. ठरावाखाली 'सर्वानुमते मंजूर' एवढे पुरत नाही. काम कोण करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे दोन शब्द हवेत.

स्वयंसेवकांना एक वेगळे सांगणे आहे. आपण समितीचे सदस्य नाही. मागे बसा. वाडीवरच्या बाईला बोलायला वेळ लागतो, मध्ये शांतता पडते, आणि ती शांतता आपल्याला सोसत नाही म्हणून आपणच तिचे म्हणणे सांगून टाकतो. मग पुढच्या वेळी ती आपल्याच तोंडाकडे बघते. आणि शिक्षकांना आरोपी समजून जाऊ नका. दोन शिक्षकी शाळेत चार वर्ग, वर ऑनलाइन माहित्या, वर आहाराचे हिशेब. त्यांना साथ देणारी समिती मिळाली तर बहुतेक गुरुजी, बाई मनापासून आनंदतात.

आता पुन्हा दिवाळीआधीच्या सभेकडे येतो. तिथे प्रत्येक स्थलांतर करणाऱ्या घरागणिक एकच प्रश्न सोडवायचा: मूल इथे राहणार की जाणार? राहणार असेल तर कोणाकडे? आजी असेल तर रात्रीचे जेवण, आजारपण, याकडे शेजारचे कोण बघणार, हे नावानिशी लिहा. मुले पुरेशी असतील तिथे हंगामी वसतिगृहाची मागणी करता येते, पण आपल्याकडे दोन-तीन मुलांसाठी आजीचेच घर खरे. मूल जाणार असेल तर मुख्याध्यापकांनी त्याच्या हातात शिक्षण हमी पत्रक द्यावे, म्हणजे तिकडच्या शाळेत त्याला बसवून घेतील. शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे कायद्याच्या पाचव्या कलमात आहे. आईला हे तोंडपाठ करून द्या. बापाचा मोबाइल नंबर, मुकादमाचा नंबर, भट्टी कोणत्या गावाजवळ, हेही त्याच दिवशी टिपून घ्या. शिमग्याला माणसे गावी आली की तोच कागद काढून विचारता येते की मूल तिकडे शाळेत गेले का.

उलटेही आहेच. आपल्याकडे चिरेखाणीवर कर्नाटकातून, आंब्याच्या बागा राखायला नेपाळहून कुटुंबे येतात. त्यांची मुले आपल्या शाळेच्या कुंपणाबाहेर उभी दिसतात. त्यांच्या गावची समिती आपल्याला फोन करणार नाही. आपणच विचारायचे.

पत्रकांचे कोरे नमुने शाळेत नसतील तर गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात आताच मागा, ऑक्टोबरात धावपळ नको. चहा झाल्यावर आपण गावागावाचे गट करून बसू. प्रत्येक गटाने तीन गोष्टी लिहून द्याव्यात: सभेची तारीख, वाडीवर सांगायला कोण जाणार त्याचे नाव, आणि जी मुले जाण्याची शक्यता आहे त्यांच्या आयांची नावे. मुलांची नाही, आयांची. बहुतेक यादीत ती जागा रिकामी असते.