नांव एक, अक्षरें अनेक

श्रोतेहो, आज मी आपल्यापुढें नांवांविषयीं थोडें बोलणार आहें. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु एका अक्षराच्या फरकानें मनुष्याची हक्काची रक्कम कशी अडून राहते, हें मीं स्वतः पाहिलें आहे.

वाळूजच्या उद्योगवसाहतीलगत आमचें बजाजनगर वसलें आहे. मराठवाड्याच्या खेड्यांतून, तसेंच उत्तर हिंदुस्थानांतूनहि माणसें येथें कामास आलीं. माझा एक जुना विद्यार्थी येथल्याच एका कारखान्यांत होता. नांव त्याचें ज्ञानेश्वर माउलींचें. माउलींचें आपेगांव आमच्याच जिल्ह्यांत, तेव्हां हें नांव या भागांत नवलाचें नव्हे. कारखान्यांत तें इंग्रजींत लिहितांना आरंभ 'डी'नें झाला, कारण आपण मराठी माणसें 'द्न्यानेश्वर' असें म्हणतों. ओळखपत्राच्या वेळीं हिंदीभाषक कारकुनानें 'ग्यानेश्वर' ऐकलें आणि 'जी' लिहिला. नोकरी सुटल्यावर त्यानें फंडाची रक्कम मागितली, तों संगणकानें निकाल दिला कीं हे इसम दोन आहेत!

सारखीं नांवें ओळखण्यास यंत्राला शिकवितां येत नाहीं काय? येतें, आणि हा प्रयत्न संगणकाहूनहि जुना आहे. पुढें 'साउंडेक्स' म्हणून प्रसिद्धीस आलेल्या पद्धतीचें पेटंट अमेरिकेंत रॉबर्ट रसेल यांनीं १९१८ सालीं मिळविलें. पहिलें अक्षर ठेवावें, स्वर गाळावे, आणि उच्चारानें जवळच्या व्यंजनांना एकच अंक द्यावा, एवढीच तिची युक्ति. म आणि न यांना ५, त आणि द यांना ३. जनगणनेच्या कागदांतून नांवें शोधण्यास ती तेथें फार उपयोगी पडली. परंतु आमच्या विद्यार्थ्याच्या नांवास ती लावून पाहा. एका लेखनाचा संकेत 'डी ५५२' होतो, दुसऱ्याचा 'जी ५२६'. उलट, 'डब्ल्यू'नें लिहिलेले वाघ आणि वझे मात्र एकाच संकेतांत येऊन बसतात!

दुसरी पद्धति रशियन गणिती लेवेन्श्टाइन यांनीं १९६५ सालीं मांडली. एका शब्दाचा दुसरा करण्यास किती अक्षरें घालावीं, काढावीं वा बदलावीं लागतात, तें मोजावें. 'जाधव'चा 'जादव' करण्यास एक अक्षर बदलावें लागतें, आणि 'मोरे'चा 'मोटे' करण्यासहि एकच. पहिली जोडी एकाच घरची असूं शकेल; दुसरी दोन कुळांची. यंत्राच्या लेखीं मात्र अंतर सारखेंच.

येथें आपली वर्णमाला कामास येते. प्राचीन वैयाकरणांनीं वर्ण मुखांतील उच्चारस्थानांप्रमाणें बसविले. द आणि ध हे एकाच वर्गांतले शेजारी. ट आणि र यांचें तसें नाहीं. म्हणून शेजाऱ्याच्या जागीं शेजारी आला तर अंतर अर्धें धरावें. श-ष, न-ण आणि ऱ्हस्व-दीर्घ यांच्या बाबतींत त्याहूनहि कमी. आणि 'ज्ञ'चे दोन्ही उच्चार यंत्रास आधींच पढवून ठेवावे. पाश्चात्त्य मोजपट्टी जशीच्या तशी आपल्या नांवांना लावण्यापेक्षां हा मार्ग बरा.

तथापि साम्य म्हणजे ऐक्य नव्हे. आमच्या शहराचें नांव २०२३ सालीं बदललें. 'औरंगाबाद' आणि 'छत्रपती संभाजीनगर' हें एकच शहर, हें अक्षरें मोजून कोणत्याहि यंत्रास कळणार नाहीं. उलटपक्षीं, बजाजनगर नागपुरांतहि आहे. अक्षर न् अक्षर तेंच, वस्ती मात्र निराळी. यंत्र फार कडक झालें तर ज्याचे त्याला मिळत नाहीं. फार सैल झालें तर एकाचें दुसऱ्यास जातें. म्हणून यंत्रानें 'हीं नांवें सारखीं दिसतात' एवढेंच सांगावें. माणूस तोच कीं दुसरा, हें जन्मतारीख, पित्याचें नांव आणि जुने कागद पाहून माणसानेंच ठरवावें.

माझ्या विद्यार्थ्याचें काम अखेर झालें, तें असेंच. कित्येक हेलपाट्यांनंतर एका जाणत्या कारकुनानें त्याला शाळेचा दाखला आणावयास सांगितलें. तो दाखला मींच लिहिलेला होता. त्यावर नांव देवनागरींत होतें, आणि तेथें 'ज्ञ' एकच होता.